पाणी कुठे मुरतंय आणि भिंत कुणाची?

पुण्यात धनकवडीच्या चढावर आमची गल्ली आहे. घरं चौदा, आणि प्रत्येकाचं जोतं शेजारच्यापेक्षा दीड-दोन फूट वर नाहीतर खाली. उन्हाळ्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात मात्र कोण वरचा आणि कोण खालचा, हे गल्लीतल्या पोरांनाही कळतं.

आम्ही वरचे. आमचं ड्रेनेज १९९८ साली वडिलांनी खालच्या घराच्या अंगणातून नेलं. तेव्हा मध्ये तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडच्या काकांना विचारून, चहा पिऊन, चर खणून काम झालं. कागद शून्य. २०२२ च्या मे महिन्यात काकांनी तारा काढून पक्की भिंत घातली, भिंतीच्या तळाशी पाणी जायला असलेली फट बुजवली, आणि ‘तुमचं चेंबर आमच्या दारात तुंबतं, तुमची लाइन काढून घ्या’ असं बजावलं. पुढच्या पावसात आमच्या मागच्या अंगणात घोटाभर पाणी. मी गच्चीवरून ओरडलो, काका खालून ओरडले. त्यानंतर वर्षभर जे शिकलो ते इथे लिहितोय. मी वकील नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी एवढं माहीत असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

सगळ्यात आधी कळलेली गोष्ट ही, की आमचं भांडण एक नव्हतंच, चार होती. पावसाचं पाणी, सांडपाणी, हद्द आणि भिंत. चारही एका दमात भांडली जातात, ‘तुमचं पाणी’, ‘तुमची भिंत’, ‘तुम्ही चार इंच आत आलात’, म्हणून एकही सुटत नाही. प्रत्येकाचा नियम वेगळा, कागद वेगळा आणि ऑफिस वेगळं.

पावसाचं पाणी

इथे कायदा निसर्गाच्या बाजूने आहे. सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याच्या हक्काचा, कायदा १८८२ चा. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी, ठरावीक पाटात न शिरता, उताराने आपोआप खालच्या जमिनीत जात असेल तर खालच्या मालकाने ते जाऊ द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. त्यासाठी करार लागत नाही, वर्षं मोजावी लागत नाहीत. म्हणजे काकांनी फट बुजवली ते चूक? मी हेच धरून बसलो होतो. पण कळीचा शब्द ‘आपोआप’ हा आहे.

थोडं गणित करू. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. एका संध्याकाळी ५० मिलिमीटर झाला, आणि पुण्यात हल्ली तेवढा सहज होतो, तर ५,००० लिटर. पाण्याचा अर्धा टँकरच. घर नव्हतं तेव्हा हेच पाणी मातीत मुरत, गवतातून पसरत खाली जायचं. आम्ही गच्ची बांधली, अंगणात फरशी घातली, सगळं पाणी चार इंची पाइपमध्ये गोळा केलं आणि पाइपचं तोंड कुंपणाकडे केलं. हे आता आपोआप वाहणारं पाणी राहिलं नाही, आम्ही सोडलेलं झालं. तसं सोडण्याचा हक्क जन्मजात नसतो, तो मिळवावा लागतो. पन्हळीचं किंवा पागोळ्यांचं पाणी शेजारच्या जागेत पाडण्याचं तेच.

तेव्हा पावसाच्या पाण्यात दोघेही निम्मे-निम्मे चुकलो होतो. उताराचं पाणी काकांनी अडवायचं नाही, आणि गच्चीचं पाणी मी त्यांच्याकडे सोडायचं नाही. मी पाइप वळवून रस्त्याकडच्या गटारात नेला. पाच हजारांच्या आत काम झालं. हे आधी केलं असतं तर ओरडायची वेळच आली नसती, पण स्वतःचा पाइप कुणाला दिसतो?

अडलेल्या पाण्याचं वजन

कायदा बाजूला ठेवून हे वाचा. भिंतीमागे एक मीटर उंच पाणी साठलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा आडवा दाब येतो. दीड मीटर साठलं तर दाब दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो, ११०० किलोच्या वर जातो. मागे नुसतं पाणी नसून भिजलेला भराव असेल तर त्याहून जास्त. घराची कंपाउंड भिंत म्हणजे सहा किंवा नऊ इंचाचं बांधकाम, दीड फुटाचा पाया. ती माणसं आणि कुत्री अडवायला बांधलेली असते, तळं अडवायला नाही. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत ज्यांनी तो पाहिला, त्यांना पाण्याच्या जोराबद्दल वेगळं सांगायला नको.

म्हणून वर-खाली जमिनीमधल्या भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवायची असतात. गवंडी त्यांना वीप होल म्हणतात. तीन-चार इंची पाइपचे तुकडे, दर दीड-दोन मीटरवर, वरच्या बाजूला खडी भरून आणि तोंडाला जाळी लावून. काकांना मी कायदा सांगितला तेव्हा ते हलले नाहीत. एका ओळखीच्या इंजिनिअरने भिंतीच्या तळाशी पडलेली आडवी चीर दाखवली आणि ‘भिंत पडली तर ती तुमच्या बाजूला पडेल, तुमच्या गाडीवर’ म्हणाला, तेव्हा हलले.

सांडपाणी, म्हणजे खरं दुखणं

मैलापाण्याला निसर्गाचा कसलाही हक्क नाही. ते दुसऱ्याच्या जागेतून न्यायचं तर हक्क कुठून आला ते दाखवावं लागतं. तो साधारण तीन वाटांनी येतो.

पहिली वाट लेखी कराराची. असेल तर प्रश्नच मिटला. बहुतेकांकडे नसतो.

दुसरी वाट वाटणीची, आणि पुण्यात ती फार आढळते. वडिलांचा एक प्लॉट, एकच ड्रेनेज. पुढे दोन भावांत वाटणी, मग एकाने आपला हिस्सा परक्याला विकला. नवा मालक म्हणतो, ‘माझ्या जागेतून तुमची लाइन का?’ इथे कायदा म्हणतो, वाटणीच्या वेळी जी सोय उघड आणि सतत चालू होती, आणि घर पूर्वीसारखं वापरायला गरजेची होती, ती वाटणीनंतरही चालू राहते, वाटणीपत्रात उलट काही लिहिलेलं नसेल तर. ‘पण लाइन जमिनीखाली होती, आम्हाला कुठे दिसली?’ यालाही उत्तर आहे. जाणकाराने नीट पाहिलं तर लक्षात येईल ती सोय उघडच धरतात, आणि १८८२ च्या कायद्याने त्यासाठी दिलेल्या उदाहरणात चक्क नाली आहे. चेंबरचं झाकण अंगणात दिसत असताना ‘माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड.

तिसरी वाट वहिवाटीची. वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वापर केला तर हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. इथे दोन बारकावे आहेत, ते सहसा कुणी सांगत नाही. एक, ही वीस वर्षं दावा दाखल करण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली असावी लागतात. शेजाऱ्याने लाइन बंद केली आणि तुम्ही ‘बघू, बघू’ करत तीन वर्षं काढलीत, तर जुनी पंचवीस वर्षं वाया जाऊ शकतात. दोन, वापर परवानगीने चालू असेल तर ती वर्षं मोजलीच जात नाहीत.

इथे माझी दांडी उडाली. १९९८ ते २०२२ म्हणजे चोवीस वर्षं झाली, या खुशीत मी वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘वडिलांनी विचारलं होतं का?’ मी अभिमानाने सांगितलं, हो, चहासुद्धा झाला होता. ‘मग ती परवानगी झाली, हक्क नव्हे,’ ते म्हणाले. परवानगी देणारा ती परत घेऊ शकतो. न विचारता खणलं असतं तर आज हक्क असता, विचारलं म्हणून नाही! कायद्याचा हा न्याय मला अजून पचलेला नाही. पण त्यातही एक पळवाट निघाली. परवानगीवर विसंबून तुम्ही खर्च करून पक्कं, कायमचं काम केलं असेल, तर ती परवानगी सहज मागे घेता येत नाही. जमिनीत गाडलेली लाइन आणि विटांचं चेंबर पक्कं काम म्हणता येईल. मात्र ‘म्हणता येईल’ आणि ‘कोर्ट म्हणेल’ यांत काही वर्षं जातात.

हक्क असला तरी त्याला मर्यादा आहेतच. दुरुस्तीसाठी शेजारच्या जागेत जाता येतं, खणता येतं, पण काम झाल्यावर जमीन होती तशी करून द्यावी लागते. आणि ओझं वाढवता येत नाही. आम्ही २०११ मध्ये वरचा मजला चढवून दोन भाडेकरू ठेवले, एका न्हाणीघराची तीन झाली. लाइन मात्र तीच, चार इंची. काकांचं चेंबर त्यानंतरच तुंबायला लागलं, हे मला त्यांनी सांगितल्यावर आठवलं.

तुंबतंय कुणामुळे हे मात्र शोधावं लागतं. आमच्या प्लंबरने सोपी युक्ती केली. रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीत कालवला, आधी आमच्या संडासात लाल ओतला आणि काकांच्या चेंबरपाशी उभे राहिलो, मग त्यांच्या मोरीत हिरवा. लाल रंग यायला फार वेळ लागला. चार इंची लाइनला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार हवा. आमची मध्येच बसली होती, आणि उंबराची मुळं आत शिरली होती. उंबर काकांचा, बसलेली लाइन आमची. दोघांनी एकाच वेळी चेंबरमध्ये वाकून पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा आवाज खाली आले.

आणखी एक वाट आहे, ती महापालिकेची. दुसऱ्याच्या जागेतून नेल्याशिवाय ड्रेनेज जोडताच येत नसेल तर त्या मालकाचं म्हणणं ऐकून, भरपाई ठरवून, परवानगी देण्याचे अधिकार महापालिका कायद्याने आयुक्तांना दिले आहेत. पण आधी बघा, तुमच्या घरासमोर आता सार्वजनिक लाइन आली आहे का. ‘९८ साली आमच्या रस्त्याला ती नव्हती, आज आहे. क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारलं की कळतं. चोवीस वर्षं आम्ही ते विचारलंच नव्हतं.

चार इंच

हद्दीच्या भांडणात प्रत्येकाकडे एक टेप असतो आणि प्रत्येकाचा टेप स्वतःच्या बाजूने मोजतो. खरेदीखतातल्या चतुःसीमेत ‘पूर्वेस अमुक यांची मिळकत’ एवढंच असतं, त्यावरून इंच निघत नाहीत. मोजणी करायची ती भूमी अभिलेख खात्याकडून. सिटी सर्व्हे झाला असेल तर नगर भूमापन कार्यालय आणि प्रॉपर्टी कार्ड, नसेल तर तालुक्याचे उपअधीक्षक आणि सातबारा. ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची. लगतच्या मालकांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. नोटीस आली की हजर राहा. रुसून घरात बसलेल्याचं म्हणणं नकाशात उमटत नाही. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून पुन्हा मोजून घेता येते. तिचं नाव निमताना, आणि त्याच्याही वर सुपर निमताना. (राज्याच्या या खात्याचं मुख्यालय पुण्यातच आहे. त्यामुळे मोजणी लवकर होते असा मात्र गैरसमज नको.)

आमच्यासारख्या भागात याहून मोठी अडचण गुंठेवारीची. एका शेताचे गुंठा-गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचे तुकडे विकले गेले. सातबारावर वीस-तीस नावं एकत्र, पोटहिस्से पाडलेलेच नाहीत. सरकारी नकाशात तुमच्या प्लॉटची रेघच नसेल तर भूकरमापक ती जमिनीवर दाखवणार कशी? अशा वेळी जागेवरचा जुना ताबा, ले-आउटचा कागद आणि दोघांची संमती यांवरच भागवावं लागतं.

आणि रेघ असली तरी तिची जाडी लक्षात घ्या. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजे जमिनीवर २५ सेंटिमीटर, जवळजवळ दहा इंच. चार इंचांसाठी लोक शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, ती चार इंचं कागदावरच्या रेघेच्या पोटात मावतात. आता रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राने, मोजणी अचूक होते हे खरं, पण मूळ नकाशा जुना असेल तर यंत्र तरी काय करणार.

मोजणीत अतिक्रमण निघालं तरी भूकरमापक भिंत पाडत नाही. ताबा परत मिळवायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि शेजाऱ्याने मालकासारखा उघड, तुमच्या हक्काविरुद्ध ताबा बारा वर्षं ठेवला असेल तर तो ताबा आता आपलाच, असं म्हणू शकतो. फूट-दोन फुटांचा मामला असेल तर गप्प बसू नका, निदान लेखी हरकत पाठवा.

भिंत

हे लवकर आटोपतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार कंपाउंड भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून दीड मीटरपर्यंत उंच चालते; वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसेल असा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. खर्च निम्मा-निम्मा हा आपल्याकडचा रिवाज आहे, शेजाऱ्याला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. भिंत पूर्ण तुमच्या जागेत असेल तर ती तुमची, तिच्यावर वेल चढवायलाही त्याने विचारायला हवं. हद्दीच्या मधोमध असेल तर दोघांची. आणि पाया बघा. वर भिंत सरळ दिसते, खाली पायाची पायरी सहा इंच शेजारी गेलेली असते. काम चालू असताना दहा मिनिटं उभं राहिलं की हे दिसतं, नंतर कधीच दिसत नाही.

बोलायचं कसं, आणि नाही जमलं तर

पाऊस चालू असताना बोलू नका. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे प्रत्येकाला बाजू घ्यावी लागते. ‘येथे पाणी सोडू नये, सोडल्यास अपमान होईल’ अशी पाटी लिहायचा मोह पुण्यात आवरणं कठीण, तरी आवरा. मी डिसेंबरात गेलो. एकटा नाही, प्लंबरला घेऊन. भांडणात तिसरा माणूस पाइपबद्दलच बोलणारा असला की बरं पडतं.

पोलिसांकडे गेलात तर बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते आणि ‘दिवाणी मॅटर आहे’ असं सांगतात. मारहाण, धमकी झाली तर गोष्ट वेगळी. मैला रस्त्यावर वाहत असेल, डास, दुर्गंधी असेल तर महापालिकेचा आरोग्य आणि मलनिःसारण विभाग. पण खाजगी जोडणी, चेंबर दुरुस्त करायला ते येणार नाहीत.

कोर्टाआधी एक थांबा आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दावा दाखल न करताही तिथे प्रकरण नेता येतं, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, वर अपील नाही. स्त्रियांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तेही नाही जमलं तर दिवाणी कोर्टात मनाईहुकूम. भिंत होण्याआधी गेलात तर ‘बांधू नका’ हा तात्पुरता आदेश मिळू शकतो. झाल्यावर गेलात तर ‘पाडा’ म्हणवून घेणं फार जड. कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करवून घेता येते, तोच अहवाल पुढे महत्त्वाचा ठरतो. तोपर्यंत तारखेसह फोटो काढून ठेवा, पाऊस पडतानाचे आणि पाऊस थांबल्यावर दोन तासांनी काढलेलेही.

आमचं कोर्टापर्यंत गेलं नाही. संडास-मोरीची लाइन आम्ही आमच्याच बाजूच्या मोकळ्या जागेतून सहा इंची करून रस्त्याच्या चेंबरला जोडली, रीतसर परवानगी काढून. ‘९८ ची लाइन बंद केली. काकांनी भिंतीत चार भोकं पाडून घेतली, त्याचा खर्च निम्मा-निम्मा. उताराचं पाणी त्यांच्या अंगणातल्या उघड्या नालीतून जाणार, म्हणून तेवढ्यापुरता करार केला आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून तो कपाटात ठेवला असता, तर उद्या घर विकल्यावर नव्या मालकाने तो मानला नसता. नालीची लांबी-रुंदी नकाशासह लिहिली. मेच्या शेवटी नाली कुणी साफ करायची (आम्ही), जाळ्या कुणी बघायच्या (ते), वरच्या बाजूला नवी फरशी घालायची तर आधी सांगायचं, हेही. उंबर तसाच ठेवला.

एक कलम काकूंनी घालायला लावलं. वकील नको म्हणत होते, करारात असलं काही नसतं म्हणून. पण ते आहे, सातव्या क्रमांकावर: नालीच्या साफसफाईसाठी वरच्या घरच्यांनी यायचं ते सकाळी दहानंतर, देवपूजा आटोपल्यावर.